फाइल समोर असूनही प्रोग्रामला ती का सापडत नाही?

प्रश्न : आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवण्यासाठी माझ्या भाच्याने पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहून दिला आहे. लिनक्सच्या टर्मिनलवर मी प्रोग्रामच्या नावापुढे ‘देवगड हापूस.टीएक्सटी’ असे फाइलचे नाव लिहिले, तर ‘देवगड’ नावाची फाइल नाही, असा संदेश आला. फाइल तर त्याच फोल्डरमध्ये आहे. चूक कोठे झाली?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : भाच्याला बोल लावू नका, कारण आपली ओळ त्याच्या प्रोग्रामपर्यंत पोहोचण्याआधीच तिचे तुकडे झाले होते. टर्मिनलमध्ये लिहिलेली ओळ प्रथम शेल, म्हणजे आपल्या आज्ञा वाचून प्रोग्राम सुरू करून देणारा मध्यस्थ प्रोग्राम, वाचतो, मोकळी जागा दिसेल तेथे ती तोडतो आणि सुट्या शब्दांची यादी प्रोग्रामच्या हवाली करतो. त्या यादीत शून्य क्रमांकावर प्रोग्रामचे स्वतःचे नाव होते, १ वर ‘देवगड’ आणि २ वर ‘हापूस.टीएक्सटी’, प्रोग्रामने पहिला शब्द फाइलचे नाव म्हणून उचलला आणि दुसऱ्याकडे पाहिलेच नाही.

संपूर्ण नाव अवतरणचिन्हांत लिहिले की काम होईल. ती चिन्हे शेलसाठीच असतात. तो ती काढून टाकतो आणि आतला मजकूर एकच शब्द म्हणून पुढे देतो. आपण नुसते ‘देवगड’ लिहून त्याला लागून तारांकन (*) दिले असते, तरीही चालले असते, मात्र त्या फोल्डरमध्ये ‘देवगड’ने सुरू होणारी ती एकच फाइल असायला हवी. तारांकनाच्या जागी जुळणारी नावे शेलच भरतो आणि अशा नावात मोकळी जागा असली तरी ते पुन्हा तोडत नाही. ही गोष्ट पुष्कळ अनुभवी मंडळींच्याही ध्यानात नसते, म्हणून मुद्दाम सांगितली. विंडोजवर मात्र सगळी ओळ अखंड प्रोग्रामकडे जाते आणि तिची फोड त्याच्याच बाजूला होते.

ऑप्शन, म्हणजे प्रोग्रामने कसे वागावे याची सूचना, देताना आधी जो हायफन (-) लिहितात, त्याचे तसे नाही. शेलच्या लेखी तो साधे अक्षर आहे. ‘हा ऑप्शन आहे’ असा अर्थ प्रोग्राम लावतो, बहुधा तयार लायब्ररीच्या, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या कोडच्या, मदतीने. सी या भाषेत त्यासाठी गेटऑप्ट आहे, तर पायथनमध्ये आर्गपार्स. एक हायफन आणि एक अक्षर ही जुनी रीत, दोन हायफन आणि पूर्ण शब्द ही ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने रूढ केलेली. फाइलचे नावच हायफनने सुरू होत असेल, तर त्याआधी नुसते दोन हायफन सुटे लिहावेत. त्यापुढचे काहीही ऑप्शन मानले जात नाही.

भाच्याला आर्गपार्स वापरायला अवश्य सांगा. मग असा जादा शब्द आला, तर तो ओळखता आला नाही असे प्रोग्राम त्या शब्दासह सांगेल आणि फाइल उघडण्याआधीच थांबेल.