फवारणीचे प्रश्न : तोंडाला दुपट्टा बांधला म्हणजे झालं का?

पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेच्या वर गेली की माझा फोन वाजायला लागतो. सध्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब, राळेगाव, मारेगावकडून कीटकनाशक फवारणीचे जे प्रश्न येताहेत ते जवळपास सारखेच आहेत, म्हणून एकेकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथंच लिहून टाकतो.

"साहेब, मी तोंडाला दुपट्टा बांधतो, अजून काय पाहिजे?"

दुपट्टा बांधता ते ठीक, पण तो सुती असतो भाऊ, फवाऱ्यानं ओला झाला की तेच औषध दिवसभर नाकातोंडाला चिकटून राहतं. आणि मुळात फवारणीत नाकातून जेवढं विष जातं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त कातडीतून जातं, हे बऱ्याच कास्तकारांना पटतच नाही कारण वरून काही दिसत नाही, ना जळजळ ना फोड. बाटलीवर ईसी लिहिलेलं औषध तेलकट द्रावणातलं असतं, ते सहज मुरतं. त्यात सगळी कातडी सारखी नसते, हातापेक्षा कपाळ, काख आणि सगळ्यात जास्त जांघेतली कातडी कैक पटीनं शोषते. आता पंप पाठीवर घेतल्यावर झाकणातून नाहीतर नळीच्या जोडातून जे गळतं ते कुठून वाहत जातं बघा, पाठ, कंबर आणि तिथून खाली पँटीत, आणि तीच ओली पँट संध्याकाळपर्यंत अंगावर.

म्हणून सकाळी औषध टाकायच्या आधी पंपात साधं पाणी भरा, पाठीवर घ्या, जरा वाका, धुऱ्यावरून (बांधावरून) चार पावलं चाला. शर्ट ओला झाला तर पहिले पंपाचं वायसर (वॉशर) बदला, मग औषध. हे काम पाच मिनिटाचं आहे आणि माझ्या मते महागड्या मास्कपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

अंग झाकणारी संरक्षक किट घाला किट घाला म्हणणं सोपं असतं, ऑगस्ट-सप्टेंबरच्या उकाड्यात तो प्लास्टिकचा कोट घालून वावरात किती वेळ टिकता येतं हे मला पण माहीत आहे. म्हणून निदान एवढं तरी करा, पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट, पूर्ण पँट, डोक्याला टोपी, डोळ्याला चष्मा, रबरी हातमोजे, पायात गमबूट आणि पँट बुटाच्या बाहेरून, आत खोचायची नाही, नाहीतर सगळं ओघळून बुटात जमा होतं. पऱ्हाटी डोक्याएवढी असेल तर हात वर करून मारावं लागतं, तेव्हा औषध मनगटावरून कोपराकडे ओघळतं, अशा वेळी हातमोजा बाहीच्या वरून घाला आणि हातमोज्याची कड बाहेर दुमडून ठेवा. एक कोरडा जोड सोबत न्या. कपडे ओले झाले की तिथंच बदलायचे, घरी जाऊन बघू नाही. आणि काम सकाळी लवकर नाहीतर चार नंतर, दुपारी उन्हात घामानं छिद्रं मोकळी झालेली असताना मारू नका.

२०१७ चा पावसाळा आपल्या जिल्ह्यानं पाहिलाय. वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, शेकडो लोक दवाखान्यात, आणि ही माणसं औषध प्यायलेली नव्हती, फवारायला गेलेली होती. त्या वर्षी पऱ्हाटी खूप उंच आणि दाट झाली होती, फवारा सरळ तोंडावर-अंगावर येत होता, त्यात पंपावर मजुरी, म्हणजे जितके पंप तितके पैसे, मग कोण थांबतंय हात धुवायला. तेव्हा वावर मालकांनो, फवारणीची मजुरी पंपावर ठरवू नका, रोजावर द्या आणि माणसं आलटून पालटून लावा.

वाऱ्याचं पण एक सांगतो. वारा जिकडे जातोय त्या टोकाच्या धुऱ्यापासून सुरुवात करायची आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेनं तासात, म्हणजे पिकाच्या ओळीत, चालत हळूहळू वाऱ्याकडे सरकायचं, म्हणजे उडालेलं औषध आधी मारून झालेल्या बाजूला जातं, तुमच्यावर येत नाही, आणि तुम्ही ओल्या झाडातून पण चालत नाही. लान्स, म्हणजे फवाऱ्याची नळी, तोंडासमोर धरून पुढे चालू नका, बाजूला धरा.

"बॅटरी पंपाला औषध तिप्पट टाकायचं असं दुकानदार म्हणतो, बरोबर आहे का?"

नाही. हा घोटाळा जिथं तिथं आहे. तिप्पट मात्रा पेट्रोलवर चालणाऱ्या पॉवर पंपासाठी सांगितली जाते, कारण तो हवेच्या जोरानं बारीक धुकं करतो आणि त्याला एकरी पाणी साधारण तिसरा हिस्साच लागतं. बॅटरीचा पंप म्हणजे साधाच पंप, फक्त दांडा हाणायच्या ऐवजी मोटर आहे. पाणी तेवढंच लागतं, उलट डबल मोटरवाला असेल तर जास्तच सोडतो. त्यात तिप्पट टाकलं तर तुम्ही तिप्पट विषात उभे राहता आणि पैसे पण तिप्पट. हिशोब साधा आहे, १० लिटरला २० मिली सांगितलं असेल तर १६ लिटरच्या पंपाला ३२ मिली, बस. आणि बाटलीच्या बुचानं मोजू नका, कोणतं बूच किती मिलीचं देव जाणे, मापाचा प्लास्टिकचा कप ठेवा आणि त्याच्यावर लाल पेंटनं फुली मारा म्हणजे कोणी तो घरात नेणार नाही.

"अळीचं, चुरड्याचं, फुलगळीचं आणि टॉनिक, चारही एकाच ड्रममध्ये टाकलं तर मजुरी वाचते ना?"

मजुरी वाचते पण बाकी बरंच जातं. पहिलं म्हणजे तुम्ही घेतलेलं औषध आधीच मिश्रण असू शकतं. लेबल वाचा, प्रोफेनोफॉस ४० टक्के अधिक सायपरमेथ्रिन ४ टक्के असं लिहिलेलं दिसेल, हे एकाच बाटलीत दोन विषं आहेत. त्याच्यावर तुम्ही अॅसिफेट टाकलं की प्रोफेनोफॉसच्याच गटातलं अजून एक विष झालं, शरीरावर दोघं एकाच जागी मारा करतात. वर स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटवणारं द्रावण, टाकला तर तो पानावर जसं औषध पसरवतो तसं तुमच्या हातावर पण पसरवतो. आणि उद्या कोणाला बाधा झालीच तर डॉक्टर कशावर इलाज करतील? प्रोफेनोफॉस, अॅसिफेट ज्यात येतात त्या ऑर्गॅनोफॉस्फरस गटाला अॅट्रोपिन हा उतारा चालतो, सायपरमेथ्रिनच्या गटाला तसा खास उतारा नाही, चार बाटल्यांचा काला असेल तर डॉक्टर पण अंदाजानंच जाणार.

आणि एक विचारतो, राग मानू नका, झाडावर कीड आहे का हे बघितलं का फवारायच्या आधी? गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा, सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले तर मग औषधाचं बघू. शेजाऱ्यानं मारलं म्हणून आपण मारायचं, हे आपल्याकडे फार आहे बाप्पा.

"फवारणारा माणूस संध्याकाळी चक्कर येऊन पडला, लिंबू पाणी दिलं, मग रात्री दवाखान्यात नेलं, आता बरा आहे, परवा परत कामावर घेऊ का?"

नका घेऊ. ऑर्गॅनोफॉस्फरस गटाच्या विषानं रक्तातलं कोलिनेस्टरेज नावाचं एंझाइम खाली जातं आणि ते भरून यायला काही आठवडे लागू शकतात. माणूस हिंडतो फिरतो पण आतून रिकामाच असतो, आधी झेपलं तेवढं औषध पण दुसऱ्यांदा त्याला लोळवू शकतं. डॉक्टरला विचारून ती रक्ताची तपासणी करून घ्या, तोपर्यंत फवारणीच काय पण औषध कालवायचं काम पण नको.

पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवा. लाळ सुटणं, जास्त घाम, डोळ्यापुढे अंधारी, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणं, उलटी, पातळ संडास, अंगातले स्नायू फडफडणं, छातीत घरघर, यातलं काहीही दिसलं की वेळ घालवू नका. लक्षणं घरी आल्यावर काही तासांनी पण सुरू होतात, आणि मग घरचे म्हणतात ऊन लागलं, नाहीतर थोडी घेतली असेल, झोपू द्या. झोपू देऊ नका. आधी सावलीत आणा, सगळे कपडे काढा, साबण लावून भरपूर पाण्यानं धुवा, केस, नखं, कानामागं, जांघेत. धुणाऱ्यानं पण हातमोजे घालावे. डोळ्यात गेलं असेल तर पंधरा मिनिटं साध्या पाण्याची धार. लिंबू, दूध, तूप, ताक काही पाजू नका, बोट घालून उलटी काढू नका, तेलकट औषध फुप्फुसात गेलं तर जास्त वाईट. बेशुद्ध असेल तर डाव्या कुशीवर. १०८ ला फोन लावा आणि औषधाची बाटली पन्नीत बांधून सोबत न्या, नाहीतर लेबलचा फोटो तरी मोबाईलमध्ये पाहिजे. दिल्लीच्या एम्समधल्या विष माहिती केंद्राचा टोल फ्री नंबर १८०० ११६ ११७ आहे, डॉक्टर पण तिथं विचारू शकतात.

खर्ऱ्याबद्दल, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या घोट्याबद्दल, कोणी विचारलं नाही पण मी सांगतो. पंप खाली ठेवला की पहिला हात खिशात जातो, पन्नीतला खर्रा घोटायचा आणि त्याच हातानं तोंडात. नोझल अडकलं की तोंडानं फुंकतात ते पण तसंच. नोझलसाठी बारीक ब्रश ठेवा, आणि खर्रा त्या दिवशी वावरात आणूच नका.

"हिरवा त्रिकोण असलेलं औषध म्हणजे सेंद्रिय का?"

अजिबात नाही. लेबलवरचा त्रिकोण औषध किती विषारी ते सांगतो, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात कमी विषारी, पण विषारीच. ते पण सगळं हातमोजे घालूनच हाताळायचं.

"बायकोला पण त्रास होतो, ती तर फवारत नाही."

ती फवारत नाही पण ड्रममध्ये पाणी ओतते, हातानं ढवळते आणि संध्याकाळी तुमचे कपडे धुते. ढवळायला काठी ठेवा. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यात भिजवायचे नाहीत, वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून, शक्यतो तुम्हीच धुवा. निंदायला बाया घालायच्या तर लेबलवर दिलेली मुदत पाळा, तिथं काही नसेल तरी निदान २४ तास त्या वावरात कोणी शिरू नये, पोरं तर नाहीच.

"रिकाम्या बाटल्या जाळल्या तर चालतात ना?"

जाळू नका, धूर पण विषारीच. बाटली रिकामी झाली की लगेच पाणी टाकून हलवा आणि ते पाणी पंपातच ओता, असं तीन वेळा. मग खिळ्यानं बुडाला भोकं पाडा म्हणजे कोणी त्यात तेल-रॉकेल ठेवणार नाही, आणि विहीर, नाला, घर यांच्यापासून लांब खड्ड्यात गाडा. भंगारवाल्याला तर देऊच नका. उरलेलं औषध त्याच पिकाच्या न फवारलेल्या तासांवर संपवा. पंप गावातल्या बोअरवेलवर किंवा जनावरं पाणी पितात त्या टाक्याजवळ धुतलेला मी बरेचदा बघतो, पंप वावरातच धुवा आणि ते पाणी पण तिथंच पिकावर मारून टाका.