सोलापूरच्या उन्हात बंद पडणारा पीएस४ आणि रखडलेला लॅपटॉप : विकण्याआधी एवढं करून बघा

तुम्ही विचारलंय ते असं : जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावर राहता, २०१५ मध्ये घेतलेला पहिल्या पिढीचा जाड पीएस४ (सोनीचा प्लेस्टेशन ४, टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल) एप्रिल लागल्यापासून अर्ध्या तासात घोंघावायला लागतो आणि 'फार गरम झालाय' असा संदेश देऊन बंद होतो. दुकानदार म्हणाला मदरबोर्ड गेलाय, आणि भंगाराच्या भावात मागितला. शिवाय घरातला २०१३ चा लॅपटॉप विंडोज १० वर रखडतो. दोन्ही विकून टाकू का?

विकू नका. दोन्हींत अजून जीव आहे असं मला तुमच्या वर्णनावरूनच वाटतं.

मी धंद्याने मेकॅनिक नाही. एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, आणि गेली बारा वर्षं नातेवाईकांचे, शेजाऱ्यांचे कन्सोल आणि लॅपटॉप रविवारी उघडून बसतो. आवड आहे म्हणून. त्यामुळे खाली जे लिहितोय ते हाताने केलेलं आहे.

आधी मदरबोर्डाचं. जो पीएस४ थंड असताना नीट सुरू होतो, अर्धा तास गेम चालवतो आणि मग स्वतः सांगून बंद होतो, त्याचा बोर्ड चालू आहे. चिपची उष्णता मोजली जातेय, हद्द ओलांडली हे कळतंय, आणि जळण्याआधी तो स्वतःला वाचवतोय. अशा वेळी पुढचा दिवा लाल लुकलुकतो. बोर्ड किंवा चिप खरंच गेली की लक्षण बहुतेक वेळा वेगळं असतं : दिवा निळाच लुकलुकत राहतो, पांढरा होत नाही आणि टीव्हीवर चित्रच येत नाही. तुमचं तसं नाही. आणखी एक आठवून बघा. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत, हाच कन्सोल दोन-तीन तास सलग चालत होता का? चालत असेल तर प्रश्न हवेचा आहे, बोर्डाचा नाही.

सोनीने पीएस४ साठी खोलीचं तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस असं दिलेलं आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे जातो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री दहापर्यंत आग ओकत असतो. म्हणजे दुपारी तुमची खोली कंपनीने गृहीत धरलेल्या हद्दीच्या बाहेरच असते. तरीही स्वच्छ पीएस४ संध्याकाळनंतर बऱ्यापैकी चालतो, हा माझा अनुभव आहे. तुंबलेला चालत नाही.

आणि सोलापुरात तुंबण्याचं कारण साध्या धुळीपुरतं नसतं. अशोक चौकाकडचा एक पीएस४ मी उघडला होता. घराच्या खालच्या खोलीत माग चालायचे. पंख्यामागच्या धातूच्या पातळ पात्यांवर, म्हणजे हिटसिंकवर, करड्या घोंगडीचा तुकडा कापून ठेवल्यासारखा थर होता, चिमटीत धरून अख्खा उचलता आला. कापसाचे तंतू. धूळ पात्यांमधून थोडीफार निसटून जाते. तंतू मात्र आडवे अडकतात, एकमेकांत गुंततात आणि पुढची सगळी धूळ धरून ठेवतात. तुमच्याकडे माग नसतील, पण नवे टेरी टॉवेल आणि चादरी पहिल्या काही धुण्यांत किती लव सोडतात ते आपल्याला माहीत आहे. टीव्हीच्या खोलीत कपडे वाळत घालत असाल तर ती लव थेट कन्सोलच्या पोटात जाते.

पहिल्या पिढीच्या पीएस४ मध्ये पंख्याची हवा हिटसिंकमधून जाते, तिथून पॉवर सप्लायच्या डब्यातून आणि मग मागच्या जाळीतून बाहेर. म्हणून हिटसिंक तुंबला की चिपबरोबर पॉवर सप्लायही तापतो. बाहेरून जाळीवर ब्रश फिरवून काही होत नाही. उघडावाच लागतो.

उघडताना मधे भोक असलेला टॉर्क्स, म्हणजे सहा टोकांच्या ताऱ्यासारख्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर लागतो, टी८ किंवा टी९ मापाचा. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो, नवी पेठेत विचारा. वायर काढून निदान अर्धा तास जाऊ द्या. कन्सोल पालथा ठेवा. मागच्या कडेचे स्क्रू काही मॉडेलमध्ये स्टिकरखाली लपलेले असतात. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढा, आणि स्क्रू एका कागदावर त्यांच्या जागेप्रमाणे ठेवा, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी पिळला तर बोर्डात घुसतो. खालचं झाकण निघालं की पॉवर सप्लायचा काळा डबा दिसेल. त्याचे स्क्रू आणि छोटी वायर सोडवून तो सरळ वर उचला. तो डबा स्वतः कधीही उघडू नका. त्यातले कपॅसिटर वीज काढल्यावरही काही काळ भार धरून ठेवतात आणि तो झटका जिवावरचा असू शकतो.

आता पंखा आणि हिटसिंक दिसतील. मऊ ब्रशने तंतू सैल करा, मोठा थर चिमट्याने काढा, मग ब्लोअरने हळू हवा मारा. हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, ही गोष्ट विसरू नका. २०१८ मध्ये माझ्या मावसभावाच्या कन्सोलला मी पंखा न धरता जोराचा ब्लोअर मारला. पंखा त्याच्या नेहमीच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त फिरला, आठवडाभरात बेअरिंगचा किरकिर आवाज सुरू झाला आणि नवा पंखा मागवावा लागला. मावसभावाची सुट्टी वाया गेली, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

एवढ्याने बहुतेक वेळा काम होतं. झाकण लावा, रात्री नऊनंतर दोन तास चालवून बघा. तरीही बंद पडला तर थर्मल पेस्ट बदलायची. चिप आणि हिटसिंकच्या मधली ही पेस्ट दहा वर्षांत वाळून खडूसारखी होते आणि उष्णता पुढे जाऊ देत नाही. त्यासाठी सगळा बोर्ड बाहेर काढावा लागतो, ते पहिल्यांदाच करणाऱ्याने एकट्याने करू नये असं माझं मत आहे. कुणाकडून करून घेत असाल तर समोर बसा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली जातेय ना, आणि आजूबाजूच्या मेमरी चिपवरचे मऊ पॅड परत जागेवर बसवले जातायत ना, एवढं पाहा. पॅड फेकून त्या जागी पेस्ट फासणारे लोक मी पाहिलेत. पॅड जी फट भरतं ती पेस्टने भरत नाही.

ठेवण्याची जागा बदला. टीव्हीच्या शोकेसमध्ये काचेच्या दाराआड कन्सोल नको, मागे आणि बाजूंना वीतभर मोकळी जागा हवी. चालू असताना वर विणलेलं कापड नको. कूलर लावत असाल तर खोली गार करायला तो आपल्या कोरड्या उन्हाळ्यात उत्तम, पण त्याचा ओला झोत थेट कन्सोलवर येऊ देऊ नका. टॉवेलची लव आणि ओल एकत्र आली की पात्यांवर लगदा बसतो, तो ब्रशने निघत नाही.

वीज जाण्याचंही सांगून ठेवतो, कारण उन्हाळ्यात ते होणारच. गेम चालू असताना वीज गेली की पुढच्या वेळी मेनू अडखळतो, गेम उशिरा उघडतात. तेव्हा सगळं पुसायची घाई करू नका. कन्सोल बंद करून पॉवरचं बटण दाबून धरा. एक बीप लगेच येईल, दुसरी साधारण सात सेकंदांनी. दुसरीनंतर सोडलं की सेफ मोड, म्हणजे दुरुस्तीचा मेनू येतो. कंट्रोलर वायरने जोडा आणि पाचवा पर्याय निवडा, डेटाबेस पुन्हा बांधण्याचा. त्यात गेम आणि सेव्ह जात नाहीत. सहावा आणि सातवा पर्याय मात्र सगळं पुसतात, त्यांच्याकडे बोट नेऊ नका.

आता लॅपटॉप. इथेही आधी हवेची वाट साफ करा, आणि पलंगावर सोलापुरी चादरीवर ठेवून वापरणं आजपासून बंद. हवा खालून आत घेणारे लॅपटॉप चादरीत रुतले की गुदमरतात आणि प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. तुम्हाला वाटतं विंडोज संथ झालं.

पण २०१३ च्या लॅपटॉपचं मोठं दुखणं बहुतेक वेळा फिरणारी हार्डडिस्क हे असतं. ती काढून अडीच इंची साटा (जोडणीचा प्रकार) एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपची डिस्क बसवा. फिरणारी डिस्क सेकंदाला साधारण शंभर एमबी वाचते, एसएसडी पाचशेच्या आसपास. खरा फरक मात्र छोट्या छोट्या फायली शोधण्यात पडतो आणि विंडोज दिवसभर तेच करत असतं. चार जीबी रॅम असेल आणि दुसरा खाचा रिकामा असेल तर आणखी चार घाला. आधी फोटो आणि कागदपत्रं दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून घ्या, एकावर भरवसा नको.

विंडोज १० चा कंपनीकडून मिळणारा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नाव नोंदवलेल्या घरगुती वापरकर्त्यांना वाढीव सुरक्षा सुधारणा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) लागतं आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर, म्हणजे तुमचा लॅपटॉप अधिकृतपणे बसत नाही. आडवाटेने विंडोज ११ घालून देणारे आहेत, पण घरात बँकेचं काम त्याच लॅपटॉपवर होत असेल तर मी तसं करणार नाही.

मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम घालतो, तिची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती. आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर रूफस हा छोटा प्रोग्राम वापरून ती उतरवा आणि लॅपटॉप त्यावरूनच सुरू करा. डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं चालतं का ते दोन दिवस बघता येतं. मराठी टंकनासाठी कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट आहे, आणि उच्चाराप्रमाणे लिहायचं असेल तर कगप नावाचा पर्यायही आहे. माझ्या आईने तो एका दुपारी शिकून घेतला आणि आता भिशीचा सगळा हिशेब त्यावर ठेवते.

एकच गोष्ट आधी घरात विचारून घ्या : वडिलांचा धंद्याचा हिशेब टॅलीत आहे का, किंवा कुणी श्रीलिपी या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर करतं का? दोन्ही विंडोजची आहेत. असेल तर जुनी हार्डडिस्क पुसू नका. ती आहे तशी काढून कागदात गुंडाळून, वर तारीख लिहून कपाटात ठेवा, आणि मिंट नव्या एसएसडीवरच घाला. हिशेब लागला तर चार स्क्रू काढून जुनी डिस्क परत बसवली की सगळं होतं तसं दिसेल.

पीएस४ आधी उघडा, येत्या रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत. आत काय निघालं त्याचा फोटो आणि मागच्या पट्टीवरचा सीयूएचने सुरू होणारा मॉडेल क्रमांक इथे टाका, म्हणजे तुमच्या मॉडेलमध्ये कुठला स्क्रू कुठे जातो ते नेमकं सांगता येईल.