आधी तिचा लॅपटॉप परत द्या

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलीला दहावीला गणितात 54, ब्लेंडर या थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये तिने केलेल्या माणसाचा हात खांद्यातून वळायच्या ऐवजी भलतीकडेच उडतो आणि ती रात्री बारापर्यंत तेच करत बसते, म्हणून तुम्ही लॅपटॉप कपाटात ठेवला, वर पाहुण्यांसमोर म्हणालात की हिला गणित झेपत नाही, ॲनिमेशनच्या डिप्लोमाला टाकतो, आणि तेव्हापासून ती तुमच्यासोबत जेवायलाही बसत नाही. मला 54 ची काळजी नाही वाटली, न जेवण्याची वाटली. चार लोकांत असं ऐकलेली मुलं ते खरं धरतात आणि गणिताचं पुस्तक उघडणंच सोडतात. आधी तिला सॉरी म्हणा, बापाने म्हटलं तर काही बिघडत नाही.

आणि गणित नको म्हणून ॲनिमेशन, हे डोक्यातून काढा. तो हात उडतोय ना, तेच गणित आहे. नुसतं फिरवायचं गणित केलं तर वस्तू आरंभबिंदूभोवती, म्हणजे (0, 0) भोवती फिरते, खांदा तिथे नसेल तर हात लांब जाणारच. आलेख कागदावर करून बघा. खांदा (4, 1) ला, हाताचं टोक (6, 1) ला. तसंच 90 अंश डावीकडे फिरवलं तर टोक (-1, 6) ला जातं, हात गेला उडून! तेच आधी खांदा सरकवून (0, 0) वर आणा, मग फिरवा, मग परत जागेवर न्या, टोक येतं (4, 3) ला, अगदी बरोबर. क्रम बदलला की उत्तर बदलतं, अकरावीच्या मॅट्रिक्समध्ये, म्हणजे आकड्यांच्या चौकटींच्या गणितात, हेच तर शिकवतात, फक्त तिथे हात दिसत नाही म्हणून पोरांना कंटाळा येतो. थ्रीडीत सरकवणं आणि फिरवणं एकाच गुणाकारात बसावं म्हणून 4 बाय 4 चा मॅट्रिक्स घेतात, आणि खांदा वळला की कोपर, मनगट, बोटं मागोमाग येतात ती अशा गुणाकारांच्या साखळीमुळे. ब्लेंडरमध्ये पात्राच्या आतल्या सांगाड्यातल्या हाडाच्या रोटेशनला, म्हणजे फिरण्याला, चार आकडे दिसतात ते क्वाटर्नियन, गणितज्ञ हॅमिल्टनने 1843 मध्ये शोधलेले, ते ॲनिमेशनला कसे वापरायचे हे कॉम्प्युटर ग्राफिक्सवाल्या केन शूमेकने 1985 मध्ये दाखवलं. सॉफ्टवेअर गुणाकार करतं हे खरंय, पण हात चुकला की का चुकला हे माणसालाच शोधावं लागतं, रिगिंगवाल्यांचं, म्हणजे पात्राला हा सांगाडा बसवणाऱ्यांचं, हेच काम. हाताने चित्रं काढून करायच्या टूडीमध्ये एवढं गणित लागत नाही, हेही सांगतो.

दहावीनंतर लगेच साडेतीन लाखांचा डिप्लोमा? माझं स्पष्ट मत, नको. अकरावीला गणित ठेवू दे, आर्ट्स घेतलं तरी ठेवता येतं, कॉलेजला आधी विचारून घ्या. बारावीनंतर यूसीड, एनआयडी या डिझाइनच्या प्रवेश परीक्षा आहेतच, कुठल्याही शाखेतून देता येतात.

लॅपटॉप आजच द्या. आणि तिला सांगा, दंडाचं हाड जिथून सुरू होतं ते टोक नेमकं खांद्यावर बसलंय का, ते एडिट मोडमध्ये जाऊन तपास.