कांद्याच्या पापुद्र्यातली रेघ: पेशीभित्तिका की पेशीपटल?

चोपड्याच्या एका शिक्षिकाताईंचा प्रश्न आहे: "सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याच्या पापुद्र्यात जी रेघ दिसते, तिला मुले कधी पेशीभित्तिका लिहितात, कधी पेशीपटल. दोन्ही बरोबर धरायचे का?"

नाही ताई, ती रेघ पेशीभित्तिकेचीच आहे. पेशीपटल लिहिणाऱ्याचे गुण कापावे लागतील, पण ते का हे त्याला दाखवताही येते.

भित्तिका संस्कृत भित्तीपासून आली. आपली भिंत आणि अहिराणीतली भीत त्याच घरच्या. वनस्पतीच्या पेशीभोवतीचे सेल्युलोजचे ताठर आवरण म्हणजे भित्तिका. पटल म्हणजे पडदा, दृष्टिपटलातला तोच. पेशीपटल मेद आणि प्रथिनांचे असते, जाडी जेमतेम ७ ते ८ नॅनोमीटर. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरहून जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. तेव्हा प्रतिमा ४०० पट करा की १००० पट, पटलाची जाडी त्यात दिसणार नाही. तिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच हवा. रॉबर्ट हुकने १६६५ साली प्रसिद्ध केलेले बुचातले कप्पेही मृत पेशींच्या भित्तिकांचेच होते.

मग पटल आहे हे मुलांना पटवायचे कसे? लाल कांदा घ्या. वरचे सुकलेले साल नको, त्यातल्या पेशी मेलेल्या असतात. त्याखालच्या मांसल पाकळीच्या बाहेरच्या, फुगीर बाजूचा जांभळट पापुद्रा चिमट्याने सोला. अर्धा सेंटिमीटरचा तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरा आणि आच्छादन काच एका कडेने तिरपी टेकवत खाली आणा. सरळ आपटली तर बुडबुडे अडकतात, आणि काळ्या कडेच्या त्या गोळ्यांनाच मुले पेशी समजून आकृती काढतात. आधी १० पटीच्या भिंगाने पाहा. रंग पेशीभर पसरलेला दिसेल.

आता १०० मिलिलिटर पाण्यात ५ ते १० ग्रॅम मीठ विरघळवून त्याचा थेंब काचेच्या एका कडेला सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावून तो आत ओढून घ्या. काही मिनिटांत पेशीतले पाणी बाहेर पडते आणि रंगीत रस भित्तिकेपासून सुटून आत गोळा होतो. भित्तिका जागच्या जागी राहते. आकसलेल्या रसाची जी कड दिसते, तिथे पटल आहे. तसेच साधे पाणी ओढले तर रस बहुधा पुन्हा पसरतो. फार वेळ मिठात ठेवल्यास नाही.

पापुद्रा आधी आयोडीनमध्ये किंवा सॅफ्रानिनमध्ये बुडवू नका. रंजकाने पेशी मरतात, पटलाचा निवडक अडसर (पाणी जाऊ द्यायचे, मीठ अडवायचे) संपतो आणि रस आकसतच नाही. पांढऱ्या कांद्यातही हे घडते, पण रंग नसल्याने कड शोधावी लागते. डायफ्राम थोडा मिटून उजेड कमी केला की ती उठून दिसते.

रावेरकडची मुले हिंदी व्हिडिओंतून 'कोशिका झिल्ली' उचलतात. ते आपले पेशीपटलच. मात्र हिंदीत पेशी म्हणजे स्नायू, तेवढे वर्गात एकदा सांगून ठेवा.

गालाच्या आतल्या पेशींना भित्तिका नसतेच. तिथे दिसते ती पेशीची कड, आणि आकृतीत तिला पेशीपटल असे नाव देणे बरोबर आहे.