परभणीत शाळेच्या लांब भिंतीवर क्रूझ-दिएझ यांच्यासारखं, चालताना बदलणारं रंगकाम जमेल का?

जमेल, पण नुसत्या ब्रशने नाही. भिंतीला काटकोनात उभ्या पट्ट्या बसवाव्या लागतील. व्हेनेझुएलाचे कलाकार कार्लोस क्रूझ-दिएझ (१९२३–२०१९) यांनी १९५९मध्ये सुरू केलेल्या ‘फिजिक्रोमी’ मालिकेची खुबी तीच आहे: अरुंद रंगीत रेघा, त्यांच्यामध्ये उभ्या पातळ पट्ट्या आणि समोरून चालत जाणारा माणूस. पट्टीवर ऊन पडलं की तिचा रंग शेजारच्या रेघेवर सांडतो, म्हणून सकाळची भिंत संध्याकाळी राहत नाही. हे फोटोत कळत नाही, चालूनच बघावं लागतं. मी चित्रकला शिकवतो आणि मुलांकडून अशी एक चौकट करून घेतली आहे, त्यावरून माप सांगतो: पट्टी ५ सेंटीमीटर पुढे, दोन पट्ट्यांत अंतरही ५ सेंटीमीटर. मग ४५ अंशांतून मागची भिंत पूर्ण झाकली जाते आणि समोर आलं की उघडते. पट्टीच्या डाव्या अंगाला एक रंग द्या, उजव्या अंगाला दुसरा. पट्ट्या परवडत नसतील तर काराकासजवळच्या माइकेतिया विमानतळावरची त्यांची फरशी बघा. तिथे सगळं सपाट आहे, अरुंद रेघांचे रंग डोळाच मिसळतो.

अडचण एकच, आपलं ऊन. पश्चिमेच्या भिंतीवर भडक लाल-गुलाबी लवकर उडतात. तिथे गेरू, पिवळी माती असे खनिज रंग किंवा सरळ सिरॅमिक टाइल वापरा.