उजवे पाते का उचलते?

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची असून तिची पाळी अद्याप सुरू झालेली नाही. वेणी घालताना तिच्या उजव्या खांद्याचे पाते डाव्यापेक्षा बाहेर आलेले दिसले. हात वर करून खाली आणताना ते अधिकच उचलते. दप्तराच्या ओझ्याने असे झाले असेल का? तालमीतील वस्तादांकडून खांदा चोळून बसवून घ्यावा, असे सासरे म्हणतात.
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : वस्तादांच्या हाताला गुण असतो, हे कोल्हापुरात कोणी नाकारणार नाही, परंतु आपल्या वर्णनावरून येथे बसवण्याजोगे काही निखळलेले वाटत नाही. पाते बरगड्यांना सांध्याने जोडलेले नसते, ते स्नायूंच्या आधाराने त्यांच्यावरून सरकते, आणि हात पूर्ण वर नेताना होणाऱ्या सुमारे १८० अंशांच्या हालचालीपैकी साधारण ६० अंश पात्याच्या फिरण्यातून मिळतात. पाते असे उचलण्याचे एक कारण स्कोलिओसिस हे असू शकते. त्यात कणा बाजूला वाकतो तसाच पिळलाही जातो. त्या पिळाबरोबर बाकाच्या फुगीर बाजूच्या बरगड्या मागे येतात आणि त्यांच्यावर टेकलेले पाते तिरपे होऊन त्याची कड वर येते. किशोरवयात छातीच्या भागातील बाक बहुधा उजवीकडे असतो, म्हणून उजवे पाते आधी नजरेत भरते. दप्तराने पाठ दुखेल, पण असा बाक येत नाही.

तिला पाठ उघडी ठेवून, गुडघे ताठ आणि तळवे जुळवून कमरेतून वाकायला सांगा व मागे बसून, डोळे पाठीच्या पातळीला आणून पाहा. एका बाजूच्या बरगड्या उंच दिसल्यास अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. कोल्हापुरातील सीपीआर या सरकारी रुग्णालयात दाखवले तरी चालेल. उभ्याने काढलेल्या एक्स-रेवर बाकाचा कोन मोजतात. तो १० अंश किंवा अधिक असल्यास स्कोलिओसिस म्हणतात. वाढ शिल्लक असताना साधारण २५ ते ४० अंशांना ब्रेस (धडाभोवती घालायचा कडक आधारपट्टा) देतात, तर ५० अंशांपुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो. पाळी सुरू होण्याआधीच्या काळात उंची झपाट्याने वाढते आणि बाकही वाढू शकतो, तेव्हा वार्षिक परीक्षा संपेपर्यंत थांबू नका.

भिंतीला तळवे टेकवून ढकलण्यासारख्या व्यायामांनी पाते धरून ठेवणारे स्नायू बळकट होतात, मात्र केवळ त्यांनी कणा सरळ होत नाही. ‘नीट उभी राहा’ असे तिला सारखे टोकणे तर सोडूनच द्या. ती मुद्दाम वाकडी उभी राहत नाही.

वाकल्यावर पाठ समतल दिसली आणि तरीही पाते उचलत असेल, तर एखाद्या स्नायूत किंवा त्याच्या मज्जातंतूत दोष असू शकतो. तेव्हाही तपासणी टाळू नये.