पौंडभर खिमा आणि चार ताटं

चि. बाळा,

सप्रेम सलाम.

दोघंही सहाला दमून घरी येता, पोरं भुकेली असतात आणि मग हात फोनकडे जातो, पिझ्झा येतो. याचं बिल महिन्याला किती होतं ते तू सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. "मावशी, ग्राउंड बीफचं काहीतरी सोपं आणि स्वस्त सांग," एवढंच म्हणालास. तोंडी सांगितलेलं तू विसरतोस, म्हणून लिहून पाठवते. फ्रीजवर चिकटव.

आधी भावाचं बोलू. ग्राउंड बीफ, म्हणजे गोमांसाचा खिमा, हे गरिबाचं मांस, ही अमेरिकेतली जुनी समजूत आता सोड. 2025च्या उन्हाळ्यात पौंडाचा सरासरी भाव पहिल्यांदाच सहा डॉलरच्या वर गेला. दुष्काळाने कुरणं वाळली, चारा महागला, रँचवाल्यांनी गायी विकून टाकल्या. त्या वर्षाच्या सुरुवातीला देशातल्या गुरांची संख्या 1951 नंतरची सर्वांत कमी होती. कळप पुन्हा वाढवायचा म्हणजे कालवडी विकायच्या नाहीत, त्यांची वासरं मोठी होईपर्यंत थांबायचं. त्यात काही वर्षं जातात. तेव्हा भाव उतरायची वाट बघत बसू नकोस. खिमा कमी घाल आणि त्याची चव जास्त काढ. मला जे सांगायचंय ते एवढंच; पुढे आहे ती त्याची कृती.

दुकानात पाकिटावर 80/20, 85/15, 93/7 असे आकडे दिसतील. पहिला आकडा मांसाचा, दुसरा चरबीचा. कायद्याने तीस टक्क्यांहून जास्त चरबी चालत नाही. तू 80/20 घे. नव्वदच्या पुढचा महाग पडतो, आणि सुटा परतायचा असेल तर त्याचा फायदाही नाही, कारण सुटलेली चरबी आपण काढूनच टाकतो. पौंडाचा शिजून साधारण पाऊण पौंड उरतो, हे मात्र हिशेबात धर. तीन किंवा पाच पौंडांचा, प्लास्टिकच्या नळीत भरलेला मिळतो तो बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त. तारीख जवळ आलेली पाकिटं कमी भावाचं स्टिकर लावून ठेवलेली असतात, तीही बिनधास्त घे. पण त्याच दिवशी शिजव नाहीतर फ्रीझरमध्ये टाक. कच्चा खिमा फ्रीजमध्ये दोन दिवसांपलीकडे ठेवायचा नाही.

आता परतण्याचं. आपल्याकडे आधी कांदा लाल करून त्यात खिमा टाकायची सवय. गावाकडच्या खाटकाच्या कमी चरबीच्या खिम्याला ते चालतं. इथला खिमा तसा टाकलास की पाणी सोडतो, त्याच पाण्यात उकडतो आणि करडा, रबरासारखा होतो. म्हणून जाड बुडाची कढई कोरडीच चांगली तापव, तेल नको. पौंडभर खिमा पसरून दाब आणि चार-पाच मिनिटं हात लावू नकोस. हेच तुला जड जाणार, तुझा हात स्वस्थ बसत नाही. खालून चांगला तपकिरी झाला की उलट, मग फोड, आणि गुलाबीपणा पूर्ण जाईपर्यंत परत. चव त्या तपकिरी थरात असते. मीठ शेवटी. सुटलेली चरबी रिकाम्या डब्यात ओत, सिंकमध्ये नको. पाइप तुंबला तर प्लंबर खिम्यापेक्षा महाग पडेल.

रविवारी तीन पौंड असाच परत, एका वेळी एकच पौंड. मसाला अजिबात घालू नकोस. गार झाला की झिपलॉकच्या पिशव्यांमध्ये सहा वाटे कर आणि वहीसारखे चपटे दाबून फ्रीझ कर. चपटी पिशवी गार पाण्यात अर्ध्या तासात सुटते. एक वाटा म्हणजे एका रात्रीचं तुमचं चौघांचं मांस. कमी वाटतं ना? म्हणूनच पुढचं नीट वाच.

मसूर-खिमा. माझ्या मते या सगळ्यात हाच राजा. कराड-कोल्हापूरकडे अख्खा मसूर करतात, तो तुला माहीत आहे. एक वाटी अख्खा मसूर सकाळी भिजत घाल; संध्याकाळी मऊ होईल पण फुटणार नाही इतपत शिजव. कांदा, आलं-लसूण, टोमॅटो परतून कांदा-लसूण मसाला घाल, मग मसूर, खिम्याचा एक वाटा आणि कपभर पाणी. दहा मिनिटं झाकण ठेवून रटरटू दे. मसूर रस्सा पिऊन खिम्याच्याच रंगाचा होतो आणि पोरांना कुठलं काय ते कळतही नाही. वरून लिंबू. भाताबरोबर खा, पावाबरोबर खा, उरलेलं दुसऱ्या दिवशी पोळीत गुंडाळून डब्यात दे. नगरला रविवारी चर्चहून आल्यावर आमची आई खिम्यात बटाटे वाढवायची. बटाटाही चालतो, पण माझं मत मसुरालाच.

दुसरी माझ्या गावची, सिनसिनाटीची चिली, म्हणजे खिम्याचा मसालेदार रस्सा. टेक्सासवाले हिला चिली मानायलाच तयार नाहीत. त्यांच्या चिलीत बीन्सही चालत नाहीत, तेव्हा त्यांचं मनावर घेऊ नकोस. 1922मध्ये मॅसेडोनियाहून आलेल्या भावांनी इथे हे सुरू केलं. त्यात दालचिनी, लवंग, ऑलस्पाइस, जिरं पडतं, म्हणजे तुझ्या मसाल्याच्या डब्यातलंच बरंचसं. गंमत अशी, की वर मी जे परतण्याचं पुराण सांगितलं ते इथे लागूच नाही. कच्चा खिमा गार पाण्यात हाताने कुस्करून तसाच उकळायला ठेवायचा. त्याने तो अगदी बारीक होतो. दोन पौंडांना चार कप पाणी, टोमॅटो सॉस, कांदा, लसूण, थोडं व्हिनेगर, वरचे मसाले, आणि मंद आचेवर तीन तास. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की चरबी वर गोठते, ती सकाळी उचलून टाक. वाढायचं स्पगेटीवर, वर किसलेलं चीज. त्याला थ्री-वे म्हणतात. कांदा आणि राजमाही घातला की फाइव्ह-वे. घरी फाइव्ह-वेच कर, राजम्याने पातेलं पुरवठ्याला येतं. पोरांसाठी मिरची कमी ठेव.

बाकीचं पटकन सांगते. टाको, म्हणजे मक्याच्या पोळीची घडी: आत एक वाटा खिमा, डबाभर काळे बीन्स, जिरं-तिखट, पोरांना आपापलं भरू दे. कॉटेज पाय: खिमा, मटार, गाजर, वर कुस्करलेला बटाटा, ओव्हनमध्ये. मीटलोफमध्ये, म्हणजे पावाच्या आकारात भाजलेल्या खिम्यात, ब्रेडऐवजी ओट्स चालतात, पण रोजच्या रात्री तो तासभर भाजत कोण बसणार?

एक खर्च मात्र कर: स्वयंपाकाचा थर्मामीटर घे. मांसाच्या अख्ख्या तुकड्यावर जंतू वरच्या वर असतात, दळलं की ते आतपर्यंत जातात. 1993मध्ये अर्धकच्च्या बर्गरमुळे या देशात शेकडो लोक आजारी पडले आणि चार मुलं गेली. बर्गर किंवा मीटलोफ आतून 160 फॅरनहाइट झाल्याशिवाय पोरांच्या ताटात वाढू नकोस. रंगावर भरवसा नको. आतून तपकिरी दिसलेला बर्गरही कच्चा असू शकतो. आणि गोठलेला खिमा ओट्यावर ठेवून कामाला जाऊ नकोस.

महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एक पदार्थ न्यायच्या जेवणाला, यातलं काही नेऊ नकोस असं मी म्हणणार नाही. पण भांड्यावर मोठ्या अक्षरात "बीफ" लिही आणि त्यातला चमचा दुसऱ्या भांड्यात जाणार नाही असा वेगळा ठेव. कोणी नाक मुरडलं तर मुरडू दे, पण नकळत कोणाच्या ताटात जाता कामा नये. पुढच्या डिसेंबरला घरी गेलास की तिथे हाच हिशेब लावू नकोस. महाराष्ट्रात 2015पासून बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे तिथे मिळतो तो म्हशी-रेड्याचा खिमा. तो कोरडा असतो, शिजायला वेळ घेतो. त्याला आधी कांदा, तेल, आणि कुकरच्या शिट्या.

रविवारी तीन पौंड परतून झाले की मला फोटो पाठव. करडा दिसला तर मी तिथल्या तिथे फोन करीन.

तुझी,
मावशी